१४० चा पाइप की १८० चा? तीस वर्षांच्या वीजबिलासकट हिशेब

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. गावाच्या नव्या पाणीयोजनेत नदीकाठच्या विहिरीपासून टेकडीवरच्या टाकीपर्यंत ४ किलोमीटरची रायझिंग मेन, म्हणजे पाणी वर चढवणारी मुख्य पाइपलाइन, टाकायची आहे. चढ ६० मीटर. पंधरा वर्षांनंतरची गरज धरून दिवसाला ३ लाख २० हजार लिटर पाणी आणि ८ तास पंपिंग. सल्लागाराने १४० मिलिमीटरचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप धरलाय, खर्च २९ लाख ६० हजार. शाखा अभियंता १८० चा आग्रह धरतात, तो ४२ लाख ४० हजारांवर जातो. गावात ९०० नळजोडण्या, पाणीपट्टीची वसुली साठ टक्क्यांच्या आसपास. समितीतले बहुतेक जण म्हणतात, जवळजवळ तेरा लाख वाचतात तर १४० च टाकू. तुम्ही सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, म्हणून तुम्हाला सगळा हिशेब हवाय.

उत्तर आधीच सांगून टाकतो. या दोन्हींपैकी एकही नको, मधला १६० घ्या. पुढेमागे पंप सौरऊर्जेवर न्यायचा विचार असेल तर मात्र १८०. का ते आता सविस्तर सांगतो, कारण समितीपुढे तुम्हाला माझं नाव सांगून भागणार नाही, आकडेच मांडावे लागतील.

सगळ्यात आधी पैसे कुठल्या खिशातून जाणार ते बघा. जलजीवन मिशनमध्ये बांधकामाचा मोठा हिस्सा केंद्र आणि राज्य सरकार देतं, लोकवर्गणी थोडी असते. योजना उभी राहून ताब्यात आली की विजेचं बिल, पंपाची दुरुस्ती, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार हे सगळं ग्रामपंचायतीच्या अंगावर येतं. म्हणजे पाइप सरकारी पैशातून आणि बिल पाणीपट्टीतून. अंदाजपत्रकात फक्त पहिला खिसा दिसतो. सल्लागार अंदाजपत्रक कमी ठेवतो, कारण दरडोई खर्च निकषात बसला की तांत्रिक मंजुरी लवकर मिळते. त्यात त्याचं काही चुकलं असं वाटत नाही, कारण त्याला विचारलेलाच प्रश्न तेवढा असतो. दुसऱ्या खिशाचा प्रश्न तुम्ही विचारायचा.

मी हे एवढ्या कळकळीने लिहितोय त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका योजनेचं अंदाजपत्रक मी स्वतः केलं होतं. दरडोई खर्च निकषाच्या थोडा वर जात होता, म्हणून रायझिंग मेन एक साइज खाली आणली. कागदावर सगळं बसलं, मंजुरी आली, पाणी टाकीत पडलं, नारळही फुटला. काही वर्षांनी त्याच गावावरून जाणं झालं तर पंपघराला कुलूप होतं. थकबाकीमुळे वीज तोडली होती आणि बायका पुन्हा जुन्या आडावर दोर टाकून उभ्या होत्या. बिलाचा काही भाग भरून वीज जोडून घेतली तेव्हा मी पंपघरात गेलो. डिलिव्हरी पाइपवर, नॉन-रिटर्न (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या) व्हॉल्व्हच्या पुढे, एक दाबमापक होता. काच धुळीने माखलेली. रुमालाने पुसली. पंप बंद असताना काटा साडेपाच किलोवर होता, म्हणजे ५५ मीटरचा चढ (एक किलो दाब म्हणजे सुमारे १० मीटर उंचीचं पाणी). ऑपरेटरने स्टार्टर दाबला, मोटरने सूर धरला आणि काटा थरथरत साडेदहावर जाऊन थांबला. ते मधले पाच किलो, म्हणजे ५० मीटर, फक्त पाइपच्या भिंतीशी पाणी घासण्यात जात होते. गाव जे बिल भरत होतं त्यातलं जवळजवळ निम्मं त्या घर्षणाचं होतं. ती साइज मी ठरवली होती.

तुमच्या गावात जुनी योजना चालू असेल तर उद्याच जाऊन हे वाचन घ्या. पंप बंद असताना एक, चालू असताना एक. दोन्हींतला फरक ज्याला समजला त्याला पुढचा सगळा हिशेब समजला.

आता तुमचे आकडे. दिवसाला ३२० घनमीटर, ८ तासांत, म्हणजे तासाला ४० घनमीटर, सेकंदाला ११.१ लिटर. घर्षणासाठी हेझन-विल्यम्सचं सूत्र, प्लास्टिक पाइपसाठी गुणांक १४५. बेंड, व्हॉल्व्ह, जोड यांच्यासाठी वर १० टक्के. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५५ टक्के धरतो. गावच्या पंपघरात यापेक्षा जास्त धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

एक सापळा इथेच आहे. एचडीपीईवर लिहिलेला आकडा बाहेरचा व्यास असतो. १६० चा पाइप दहा किलो दाबाच्या वर्गात, म्हणजे पीएन १० मध्ये घेतला तर भिंत साडेनऊ मिलिमीटरची असते आणि पाणी वाहायला आत साधारण १४१ मिलिमीटरच उरतात. १४० च्या पाइपला आत १२३ च. कितीतरी अंदाजपत्रकांत घर्षण काढताना बाहेरचाच व्यास सूत्रात घातलेला मी पाहिलाय. घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घातात बदलतं. व्यास निम्मा केला तर घर्षण २९ पट होतं. म्हणून सतरा ते एकोणीस मिलिमीटरची चूक छोटी नसते. तुमच्या अंदाजपत्रकाचं हे पान आधी तपासा.

१४० च्या पाइपमध्ये घर्षण ३० मीटर येतं, म्हणजे पंपाला एकूण ९० मीटर हेड (चढ अधिक घर्षण, पंपाने पाणी जितक्या उंचीच्या जोराने ढकलायचं ते). पीएन १० ची मर्यादा सुमारे १०० मीटर. वर वर पाहता बसतं. पण गावाकडची वीज दिवसातून दोन-चारदा जातेच आणि पंप अचानक थांबला की चालतं पाणी थबकून उलटा तडाखा देतं. या वेगाला तो तडाखा साधारण २५ ते ३० मीटरचा. चालू दाबात तो मिळवून बघण्याची आपली पद्धत आहे. बेरीज १०० च्या बरीच पुढे जाते, म्हणून वरचा वर्ग, पीएन १२.५, घ्यावाच लागतो. वरच्या वर्गाची भिंत जाड, म्हणजे आतला व्यास आणखी कमी, ११९ मिलिमीटर. घर्षण ३६ मीटरवर आणि हेड ९६ वर. पाइप जितका बारीक तितका दाब जास्त, दाब जास्त म्हणून भिंत जाड, आणि भिंत जाड म्हणून आतून आणखी बारीक.

एचडीपीई शेवटी किलोवर विकला जातो. तुमच्या अंदाजपत्रकातले दोन्ही आकडे मागे नेऊन पाहिले तर किलोला १५० रुपये आणि खोदाई-जोडणीला मीटरमागे २५० रुपये असा दर बसतो. त्याच दराने १४० चा पीएन १२.५ पाइप मीटरला ४ किलो भरतो. १६० चा पीएन १० पाइप भरतो ४.२७ किलो. म्हणजे दोन्हींत मीटरमागे पाव किलो प्लास्टिकचा फरक. १४० चा खरा खर्च ३४ लाख, १६० चा ३५ लाख ६० हजार. ज्या तेरा लाखांच्या बचतीवर समितीत चर्चा चाललीय, त्यातले साडेचार लाख मुळात नव्हतेच, कारण तो पाइप त्या वर्गात चालणारच नाही. १६० ला हेड ७६ मीटरच्या आत राहतं, तडाखा धरूनही पीएन १० पुरतो.

चारही पर्याय एकत्र मांडतो, पहिला आकडा पाइपचा खर्च, दुसरा पंपाचं एकूण हेड, तिसरा वर्षाची युनिटं:

१४० (पीएन १२.५): ३४ लाख, ९६ मीटर, ५५,३००
१६० (पीएन १०): ३५ लाख ६० हजार, ७५.६ मीटर, ४३,७००
१८० (पीएन १०): ४२ लाख ४० हजार, ६८.८ मीटर, ३९,८००
२०० (पीएन १०): ५० लाख, ६५.३ मीटर, ३७,८००

यातून एकच गोष्ट काढून घ्या. तुमच्या योजनेत हेडचा प्रत्येक मीटर वर्षाला सुमारे ५७८ युनिट खातो. युनिटला ७ रुपये धरले तर वर्षाला ४,०५० रुपये. हा आकडा समितीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. कुणी म्हणालं की "टाकी अजून थोडी वर घेऊ", तरी त्याच आकड्याने गुणा.

७ रुपये हा मी धरलेला दर आहे. तुमचा खरा दर काढायला गेल्या बारा महिन्यांची बिलं घ्या आणि एकूण भरलेली रक्कम एकूण युनिटांनी भागा. दरपत्रकातला ऊर्जा आकार बघून चालत नाही. स्थिर आकार, इंधन समायोजन, दंड हे सगळं गावच भरतं.

आता प्रश्न येतो, दरवर्षीचे ४,०५० रुपये आणि आज एकदम खर्च होणारे लाख, यांची तुलना कशी करायची. तीस वर्षांचे नुसते गुणून १ लाख २१ हजार करणं चूक, कारण तिसाव्या वर्षी द्यायचा रुपया आजच्या रुपयाइतका जड नसतो. मी समितीत हे ठेवीच्या भाषेत सांगतो. समजा पुढची तीस वर्षं दरसाल ४,०५० रुपये काढायचे आहेत आणि शेवटी खातं बरोबर शून्यावर यायला हवं. बँक ८ टक्के देते. आज किती रक्कम ठेवावी लागेल? उत्तर ४५,६०० रुपये. ८ टक्के आणि ३० वर्षांचा गुणक ११.२६ आहे, वर्षाचा खर्च त्याने गुणायचा. कागदोपत्री याला वर्तमान मूल्य म्हणतात. तीस वर्षं अशासाठी की पाइपचा संकल्पन कालावधी आपण तेवढाच धरतो.

म्हणजे तुमच्या योजनेत हेडचा एक मीटर कमी करणं आज ४५,६०० रुपयांचं आहे. यापुढे मोठी गणितं लागत नाहीत, एकेक पायरी चढून बघायची. १४० वरून १६० वर गेलात तर पाइपला १ लाख ६० हजार जास्त जातात आणि २० मीटर वाचतात, म्हणजे ९ लाखांहून जास्त. डोळे झाकून चढावी अशी पायरी. १६० वरून १८० ला जाताना ६ लाख ८० हजार जास्त जातात आणि ६.८ मीटर वाचतात, म्हणजे ३ लाख १० हजार. ही पायरी परवडत नाही. १८० वरून २०० तर नाहीच, तिथे पाण्याचा वेगही सेकंदाला अर्ध्या मीटरच्या खाली जातो, नदीच्या पाण्यातला गाळ पाइपमध्ये बसायला लागतो.

सगळे पर्याय पहिल्याशीच ताडून बघायची सवय अनेकांना असते. १४० शी ताडलं तर १८० सुद्धा फायद्याचा दिसतो आणि शाखा अभियंत्यांचं म्हणणं त्या अर्थाने बरोबर आहे. पण तो फायदा जवळजवळ सगळा १६० लाच मिळून गेलेला असतो. म्हणून प्रत्येक वाढीव रुपयाला आधीच्या पायरीशी झगडायला लावायचं.

एक आक्षेप तुमच्या समितीतला एखादा शिक्षक नक्की घेईल: वीजदर तीस वर्षं ७ रुपयेच राहणार का? राहणार नाहीत. इथे एक चूक फार होते. व्याजदर ८ टक्के धरायचा, ज्यात महागाई आहे, आणि वीजदर मात्र आजचाच गोठवायचा, ज्यात महागाई नाही. असं केलं की भविष्यातली वीज खोटी स्वस्त दिसते आणि बारीक पाइप जिंकतो. एक तर दोन्हींत महागाई धरा, नाही तर दोन्हींतून काढा. वीजदर वर्षाला ४ टक्क्यांनी वाढतो असं धरलं तर गुणक ११.२६ चा १७.६ होतो आणि हेडचा मीटर ७१ हजारांवर जातो. मग १६० वरून १८० ची पायरी बघा: ६.८ मीटरचे ४ लाख ८५ हजार. अजूनही ६ लाख ८० हजारांच्या खालीच. मीटरची किंमत १ लाखाच्या वर गेली तरच १८० परवडेल, आणि त्यासाठी युनिटला १० रुपये आणि वर ही दरवाढ, दोन्ही लागतात. तुमच्या बिलांचा भागाकार ९-१० रुपयांवर आला तर मला कळवा, आपण पुन्हा बघू. ६ ते ८ मध्ये आला तर निर्णय हलत नाही.

जीवनचक्र खर्चाचा हिशेब याच कामासाठी करायचा असतो. तीस वर्षांनंतरचा आकडा बरोबर सांगणं कुणालाच शक्य नाही. कुठला आकडा कितीपर्यंत हलला तर निर्णय बदलतो, हे मात्र नेमकं सांगता येतं.

विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन झाले, त्यांनी १८८१ साली विजेच्या तारेबद्दल हाच विचार मांडला होता: तार जाड घेतली तर तांबं महाग, बारीक घेतली तर वीज उष्णतेत जाते, आणि या दोन वार्षिक खर्चांचा समतोल जिथे साधतो ती जाडी योग्य. पाइपमध्ये एक गोष्ट वेगळी. पाचव्या घातामुळे इथला आलेख एका बाजूला कड्यासारखा आणि दुसऱ्या बाजूला पठारासारखा असतो. तुमच्याच आकड्यांत बघा. पाइप अधिक तीस वर्षांची वीज (दरवाढ न धरता, ७ रुपयांनीच) मिळून आजच्या मोलाने १६० ला ७० लाख येतात. दोन साइज जाड, म्हणजे २०० घेतला तर ८० लाख. दोन साइज बारीक, १२५ घेतला तर सोळा किलोच्या वर्गात जावं लागतं आणि आकडा ९५ लाखांच्या आसपास पोचतो. जाड बाजूची चूक दहा लाखांची, बारीक बाजूची पंचवीस लाखांची. म्हणून मन साशंक असेल तर एक साइज वर जा, खाली कधीच जाऊ नका. १८० ला हिशेब ७३ लाख ७० हजारांचा, म्हणजे १६० पेक्षा पावणेचार लाख जास्त. शाखा अभियंता अडूनच बसले तर त्यावरून मंजुरी सहा महिने लांबवण्यात अर्थ नाही. १४० वर सही करू नका, एवढं पाहा.

पाइपवर इतका वेळ घालवल्यावर पंपाबद्दल दोनच मिनिटं दिली जातात आणि तिथे खरं नुकसान होतं. वर मी कार्यक्षमता ५५ टक्के धरली. निविदेत चांगल्या पंपाची अट घालून, त्याचा कामगिरीचा आलेख मागवून, ७६ मीटर हेड आणि तासाला ४० घनमीटर हा तुमचा बिंदू त्या आलेखाच्या माथ्याजवळ येतो का ते बघून खरेदी केली, तर ६२ टक्के सहज मिळतात. त्यात वर्षाला सुमारे ४,९०० युनिट वाचतात, म्हणजे साडेचौतीस हजार रुपये. असा पंप समजा पन्नास हजारांनी महाग पडला, तर दीड वर्षात पैसे वसूल. याउलट १६० चा १८० करून वर्षाला साडेसत्तावीस हजार वाचतात, त्यासाठी मोजायचे ६ लाख ८० हजार. समितीत पाइपवर तीन बैठका झाल्या असतील, पंपावर एक तरी घ्या.

पंपाच्या बाबतीत "असू द्या जरा जास्त" ही वृत्तीही महागात पडते. ७६ मीटर हेड लागतं तिथे सुरक्षित म्हणून ९५ चा पंप घेतला की तो गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतो, मोटर जास्त अँपिअर ओढते, आणि ऑपरेटर बिचारा मोटर जळू नये म्हणून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवतो. आधी पैसे देऊन दाब विकत घ्यायचा आणि मग व्हॉल्व्हमध्ये तो मारायचा. असं पंपघर दिसलं की मला फार वाईट वाटतं.

मोटरच्या आकाराचाही एक खर्च आहे जो पाइपच्या तुलनेत कुणी धरत नाही. १४० च्या पाइपला २५ अश्वशक्तीची मोटर लागेल, १६० ला २० ची पुरेल. २५ ची मोटर २५ केव्हीएच्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) सुखाने चालत नाही, पुढचं ६३ केव्हीएचं रोहित्र घ्यावं लागतं. २० ची मात्र २५ केव्हीएवरच जेमतेम बसते. म्हणजे इथेही बारीक पाइपच्या नावावर आणखी एक खर्च चढतो, शिवाय जास्त मंजूर भाराचा स्थिर आकार महिन्याच्या महिन्याला.

पंप तीस वर्षं टिकत नाही. दहाव्या आणि विसाव्या वर्षी नवा घ्यावा लागेल असं धरा. आयुष्य वेगवेगळं असलेल्या वस्तूंची तुलना करताना दोन्हींना एकाच कालावधीत बसवायचं, म्हणजे तीस वर्षांत पाइप एकदा आणि पंप तीनदा. तुमच्या पर्यायांत पंपांच्या किमतीत फार फरक नाही, म्हणून मी तो सोडून दिला. जी रक्कम सगळ्या पर्यायांत सारखीच आहे, ती तुलनेतून काढून टाकायला हरकत नाही. ऑपरेटरचा पगार, टाकी, गावातली वितरण व्यवस्था, सगळं सारखंच.

आता सौर पंपाचं. तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय की पुढे सोलर मिळाला तर बिलच येणार नाही, मग पाइप बारीक का नको? इथे बहुतेकांचा अंदाज उलटा पडतो. सौर पंपाला भरवशाचे सहा तासच धरा. तेच ३२० घनमीटर सहा तासांत चढवायचे म्हणजे तासाला ५३ घनमीटर. प्रवाह एक-तृतीयांशाने वाढला की घर्षण ७० टक्क्यांनी वाढतं. १६० मध्ये ते साडेसव्वीस मीटरवर जातं, वेग वाढल्याने तडाखाही वाढतो, पुन्हा वरचा वर्ग, पुन्हा जाड भिंत. पीएन १२.५ मध्ये १६० चा खर्च होतो ४१ लाख ३० हजार आणि हेड ९१ मीटर. १८० चा पीएन १० अजूनही पुरतो: ४२ लाख ४० हजार आणि हेड ७५ मीटर. म्हणजे १ लाख १० हजारांत १६ मीटर वाचतात, पंपाची चार किलोवॉटहून जास्त ताकद वाचते, आणि तेवढ्या ताकदीची पॅनेल वाचतात. सोलरमध्ये विजेचा खर्च जात नाही, तो बिलातून उठून पॅनेलच्या किमतीत जाऊन बसतो. म्हणून सोलर पाच-सात वर्षांत नक्की असेल तर १८०, नुसती आशा असेल तर १६०. हे तुमच्या समितीने प्रामाणिकपणे ठरवायचं.

मी सगळी तीस वर्षं रोज पूर्ण आठ तास पंपिंग धरलंय. सुरुवातीच्या वर्षांत लोकसंख्या कमी, सहा-साडेसहा तासच पंप चालेल, म्हणजे वीज थोडी कमी. त्यामुळे १६० आणि १८० मधला फरक १६० च्याच बाजूने आणखी वाढतो. उलट शेजारची वाडी पुढे याच योजनेवर घ्यायचं गावात चाललं असेल तर ते आत्ताच सांगा, कारण पाइप एकदा चर बुजवून गाडला की साइज वाढवता येत नाही. पंप बदलता येतो, तास वाढवता येतात, पाइप नाही.

आणि आकड्यांत न येणारी एक गोष्ट. जास्त दाबाखालचा पाइप जोडांतून जास्त गळतो, एखादा बारीक छेद असला तरी पाणी जोरात जातं, आणि ती गळती शेतातून जाणाऱ्या चार किलोमीटरमध्ये शोधायला गावाला माणूस नसतो. मला याचा रुपयांत आकडा देता येत नाही, म्हणून मी तो हिशेबात धरला नाही. पण जेव्हा दोन पर्याय बरोबरीला येतात, तेव्हा मी कमी दाबाच्या पर्यायाला मत देतो.

समितीत मांडायला सोपं जावं म्हणून घरामागचा हिशेब. १४० टाकला तर वर्षाचं वीजबिल ३ लाख ८७ हजार, म्हणजे घरामागे ४३० रुपये. १६० टाकला तर ३ लाख ६ हजार, घरामागे ३४०. हा ९० रुपयांचा फरक सगळ्यांनी भरला तर. वसुली साठ टक्के असताना जे भरतात त्या ५४० घरांवर तोच फरक १५० रुपयांचा होतो. वेळेवर पाणीपट्टी भरणाऱ्या घरावर बारीक पाइपचा बोजा सगळ्यात जास्त पडतो, हे बैठकीत जरूर सांगा. असे लोक बहुधा गप्प बसलेले असतात.

सल्लागाराकडून तीन गोष्टी लेखी मागा: १६० पीएन १० चं संकल्पन आतला व्यास धरून, वीज जाण्याच्या तडाख्याचं गणित, आणि निवडलेल्या पंपाचा आलेख त्यावर तुमचा बिंदू खुणावून. बारा महिन्यांची बिलं मिळाली की एकूण रक्कम आणि एकूण युनिटं एवढे दोनच आकडे मला पाठवा. जुन्या पंपघरातल्या दाबमापकाची काच पुसून घेतलेली दोन वाचनंही त्याच्यासोबत पाठवा.